डाव्या पायाचं माप

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दादाचा फोन आला आणि त्याने मला 'जमेल का गं' असं विचारलं. तिथेच मला संशय आला. माझा थोरला भाऊ अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि आयुष्यात त्याने मला 'कर' याखेरीज काही म्हटलेलं मला आठवत नाही. सोसायटीच्या गच्चीवरच्या शेडचं ड्रॉइंग असो की वहिनीच्या स्वयंपाकघरातल्या रॅकचं, 'काढून दे' एवढंच. जमेल का, वेळ आहे का, असली चौकशी त्याच्या तोंडी शोभत नाही.

मी अंधेरीला पॅकिंग मशीन बनवणाऱ्या एका कारखान्यात ड्रॉइंग विभागात आहे. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या मशीनची मापं कागदावर उतरवते, आता कागदाऐवजी स्क्रीनवर. मला याद्या करायची सवय आहे. घरच्या वाणसामानाची यादी असते, तशी मनातल्या शंकांचीही असते, आणि तिला नंबर असतात. त्या फोननंतर मी वहीत एक नवीन पान काढलं.

दादाला त्याच्या मोटरसायकलसाठी नवीन फूटरेस्ट प्लेट हव्या होत्या. पाय ठेवायची फूटरेस्ट गाडीला जिथे बसते तिथून ती पुढे आणि खाली आणायची, म्हणजे गुडघा कमी दुमडावा लागतो. तयार मिळतात त्या प्लेट नव्या गाड्यांच्या. दादाची गाडी जुनी आहे, आमच्या वडिलांनी घेतलेली, आणि तिचा सगळा कारभार उलटा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. हल्लीची पोरं तिच्यावर बसली तर थांबायच्या ऐवजी गिअर बदलतील.

आणि दादाचा डावा पाय दीड वर्षापूर्वी मोडला होता. बिल्डिंगच्या जिन्यावरून पडला, मांडीचं हाड दोन ठिकाणी गेलं, आत रॉड घातला. तेव्हापासून गाडी विलेपार्ल्याच्या त्यांच्या आवारात झाकून उभी. त्याचं लंगडणं मला दिसत होतं. तो म्हणायचा, "अजून जरा जखडलाय, सुटेल." दीड वर्ष तो सुटतच होता.

तेव्हा पानावर पहिल्याच ओळीत मी लिहिलं: हा पाय ब्रेक दाबू शकतो का? प्लेट मी काढणार. तो पडला, तर माझ्या ड्रॉइंगवरून पडणार. बाकी सगळं या एका ओळीच्या खाली होतं.

मी त्याला म्हटलं, रविवारी येते माप घ्यायला. तो म्हणाला, "रविवार कशाला, दसऱ्यालाच ये. गाडी धुतलेली असेल, तुझे हात काळे होणार नाहीत."

माझ्या हातांची एवढी काळजी त्याने कधी केली नव्हती. तेही मी लिहून ठेवलं.

दसऱ्याला सकाळी मी पोहोचले तेव्हा तो आधीच गाडीवर बसलेला होता. गाडी मधल्या स्टँडवर, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर हळदकुंकू, पुढच्या चाकाशी नारळ फोडल्याचं पाणी. दादा अनवाणी होता. त्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. पूजा केलेल्या गाडीवर त्या दिवशी चपला घालून कोण चढतं? माझ्या स्वतःच्या चपला मी आपोआप दोन हात लांब काढून ठेवल्या. वहिनी पूजेचं ताट घेऊन उभी होती, मला बघून म्हणाली, "आलीस? बरं झालं. मी आत जाते, श्रीखंड उघडं आहे." आणि गेली. वहिनी इतरवेळी अशा कामाला बाल्कनीतून सूचना देत असते. ती आत गेली म्हणजे तिला काहीतरी बघायचं नाही, किंवा बोलायचं नाही. नंबर तीन.

मी पुठ्ठा, पेन्सिल, स्टीलची पट्टी, कोनमापक काढलं. मापाची माझी पद्धत साधी होती. डाव्या पायाखाली एक पाट, पाटावर जुन्या दिवाळी अंकांची चळत. एकेक अंक काढत जायचं, पाय खाली येतो, गुडघा उघडतो. जिथे तो म्हणेल 'आता दुखत नाही' तिथे थांबायचं.

"आता?"

"ठीक आहे."

"ठीक म्हणजे दुखतंय की नाही?"

"ठीक म्हणजे ठीक."

"दादा, चेहरा बघतेय मी तुझा."

"चेहऱ्याचं माप नको घेऊस, पायाचं घे."

आणखी दोन अंक काढल्यावर त्याच्या जबड्याचा ताठपणा गेला. मी तिथे खूण केली. पुठ्ठा फ्रेमला लावून जुन्या बोल्टांच्या जागा उतरवल्या, आकार कापला. इस्त्रीच्या तळासारखी दिसणारी प्लेट, वरच्या बाजूला फ्रेमची दोन भोकं, खालच्या टोकाला फूटरेस्टचं एक. मग मी त्याला ब्रेकचा पेडल दाबायला लावला. त्याने दाबला. मागचं चाक हाताने फिरवून पुन्हा दाबायला लावला. चाक थांबलं.

"डॉक्टरांना विचारलंस, गाडी चालवू का म्हणून?"

"विचारलं."

"काय म्हणाले?"

"हो म्हणाले. आता ते आपट्याचं पान घे, सोनं घेतलं नाहीस अजून."

मी पान घेतलं, त्याच्या पाया पडले. पाया पडताना माझी नजर त्याच्या पावलांवर होती आणि तरी मला काही दिसलं नाही. तो बसूनच होता. खाली उतरलाच नाही मी जाईपर्यंत.

ड्रॉइंग मी दोन संध्याकाळी केलं. नियम आधी ठरवून घेतले होते. गाडीच्या मूळ फ्रेमला एकही नवीन भोक पडणार नाही. जुन्या वस्तू काढून परत बसवता येतील. प्लेट आठ मिलिमीटर जाड, साध्या लोखंडाची, कारण ती मोडण्याआधी वाकते आणि वाकलेली दिसते. फूटरेस्ट घडी होणारी, वळताना जमिनीला टेकली तर वर उचलली जाईल अशी. ब्रेकचा पेडल मूळ जागीच. आणि आमच्या धंद्यातली जुनी रीत, दोन बाजू सारख्या असतील तेव्हा एकच बाजू काढायची: मी डावी प्लेट काढली आणि खाली टीप लिहिली, 'डावी दाखवल्याप्रमाणे, उजवी विरुद्ध'. सव्वीस वर्षांत ही ओळ किती वेळा लिहिली असेन, मोजदाद नाही. हात आपोआप लिहितो.

करून देणारा माणूस घाटकोपरला गल्लीत बसतो, कणकवलीकडचा. कारखान्यातल्या एकाने त्याचं नाव सुचवलं होतं. मला तो पहिल्या भेटीत आवडला नाही. माझं ड्रॉइंग त्याने हातात घेतलं, दोन सेकंद बघितलं आणि ऑइलच्या डब्याखाली सरकवलं.

"वाचलंत का पूर्ण?"

"वाचलं ना ताई. प्लेट आहे."

"जाडी बघितलीत? सहाची चालणार नाही."

"आठ. लिवलंय की तुम्ही, तीन ठिकाणी."

तीन ठिकाणी लिहिलं होतं, ते खरं. पण सहाची देऊन आठ सांगणारे मी पाहिलेत, म्हणून पत्रा मी स्वतः कारखान्याजवळून विकत घेऊन गेले होते. एवढ्यावर थांबले नाही. दोन्ही तुकड्यांच्या कोपऱ्यात सेंटर पंचने तीन ठिपके मारून ठेवले, तुकडा बदलला तर कळावा म्हणून. त्याने ठिपक्यांवरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे बघून हसला. त्याच्या हसण्याचाही मला राग आला.

त्याला जुन्या फूटरेस्ट नमुन्याला हव्या होत्या, आटे जुळवायला. दादाला मी सांगितलं, कोणाबरोबर तरी पाठवून दे. दोन दिवसांनी दादा म्हणाला, "पोचल्या." कोणाबरोबर, ते मी विचारलं नाही. यादीत ही एक जागा रिकामी राहिली, ती नंतर मला टोचली.

आठवड्याने प्लेट तयार झाल्या. मिलिमीटरच्या आतलं माप दाखवणारा माझा व्हर्नियर मी घेऊनच गेले होते. जाडी आठ, बरोबर. ठिपके दोन्हीवर, बरोबर. मग मी केलं ते कुठलाही तपासणारा करतो: एका प्लेटवर दुसरी ठेवली आणि वरच्या भोकांतून बोल्ट घातले. वरची भोकं जुळली. खालचं जुळेना. आरपार उजेड दिसायला हवा तिथे चंद्राची कोर दिसत होती. मोजलं. डाव्या प्लेटचं फूटरेस्टचं भोक सतरा मिलिमीटर खाली होतं, आणि त्या जागी प्लेटचं टोकही तेवढंच खाली वाढवलेलं.

माझ्या डोक्यात लगेच सगळं जुळलं. याने भोक चुकवलं, आणि चूक लपवायला टोक वेल्डिंग करून वाढवून, घासून साफ केलं. जोड दिसत होता, नीट बघितलं तर.

"हे काय आहे?"

"काय ता?"

"सतरा मिलिमीटर. दोन्ही सारख्या हव्यात, लिहिलंय खाली. चुकलं तर सांगायचं ना. मी दुसरा पत्रा आणून दिला असता. वेल्ड मारून खपवायचं ही कुठली पद्धत?"

त्याने हातातलं फडकं बाजूला ठेवलं. "चुकलं नाय ताई."

"मग?"

"तुम्ही कागद बरोबर काढलाय. माणूस वेगळा आहे."

"म्हणजे काय?"

"तुमच्या भावाला विचारा."

"माझा भाऊ इथे कुठून आला?"

"रिक्षातून आला," तो म्हणाला. "फूटरेस्ट घेऊन. तसलीच एक गाडी उभी होती माझ्याकडे, बसवला त्यांना तिच्यावर. मला म्हणाले, ताईला कळवू नका. आता तुम्ही व्हर्नियर घेऊन उभ्या राहिलात तर मी काय करू? माझ्या कामाला चोरी म्हणताय. त्यांच्या बुटांकडे बघा एकदा, मग मला काय ते बोला."

मी प्लेट पिशवीत घातल्या. त्याच्यावर माझा विश्वास तरीही बसला नव्हता. दुसऱ्यावर ढकलणारे मी कारखान्यात रोज बघते. पण 'बूट' हा शब्द घाटकोपरपासून पार्ल्यापर्यंत रिक्षात माझ्या शेजारी बसून होता, आणि वहीच्या त्या पानावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं तरी बूट कुठेच लिहिलेला नव्हता.

दादाच्या दाराबाहेर चपलांचा रॅक आहे. मी बेल वाजवली नाही. रॅकच्या खालच्या कप्प्यात, वहिनीच्या पावसाळी चपलांच्या मागे, त्याचे तपकिरी बूट होते. उजवा उचलला. डावा उचलला. डावा जड होता. तळ सबंध जाड, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि कडेला इतकं सफाईदार काळं रंगवलेलं की चालत्या माणसाच्या पायात नजरेला येऊ नये. मी पिशवीतून व्हर्नियर काढला आणि जिन्यात उकिडवी बसून दोन्ही तळ मोजले. फरक अठरा मिलिमीटर. त्या माणसाने सतरा ठेवला होता. डोळ्याने.

दार उघडलं. वहिनी कचऱ्याची बादली घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, बुटाकडे बघितलं, व्हर्नियरकडे बघितलं.

"मी काही सांगितलेलं नाही," ती घरात वळून मोठ्याने म्हणाली. "ती स्वतःच शोधतेय. माझी शपथ मोडलेली नाही." मग मला हळूच म्हणाली, "ये आत. चहा टाकते. बूट ठेव तो खाली, हात धू."

दादा खुर्चीत पेपर धरून बसला होता. पेपर खाली घेतला नाही.

"पाय किती आखूड झालाय?" मी विचारलं.

"तू मोजलंस ना आता?"

"मी बूट मोजला. पाय तू सांग."

"पावणेदोन सेंटिमीटर. हाड जुळलं ते तसंच जुळलं."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं असतं तर तू प्लेट काढली असतीस?"

"नसती काढली."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि पेपर उलटला.

मला तेव्हा दसरा आठवला. धुतलेली गाडी, माझे हात काळे होऊ नयेत म्हणून. "दसऱ्याचा दिवस तू मुद्दाम निवडलास."

त्याने पेपर खाली घेतला. "त्या दिवशी गाडीवर बूट घाल म्हणून कोणी सांगत नाही. तुलासुद्धा सुचलं नसतं. सुचलं का?"

नव्हतं सुचलं. दर मापाशेजारी मी पेन्सिलने बारीक टिपा लिहिल्या होत्या, गाडी स्टँडवर, टायरमध्ये हवा भरलेली, स्वार बसलेला. स्वाराच्या पायात काय, हे लिहिलं नव्हतं. अनवाणी पायाने गुडघा जिथे सुखाने बसला तिथे मी फूटरेस्ट धरली. बुटाचा जाड तळ खाली आला की गुडघा तेवढाच वर जाणार, आणि पुन्हा दुखणार. घाटकोपरच्या माणसाने त्याला बुटासकट गाडीवर बसवून भोक खाली घेतलं, म्हणून ते बरोबर होतं. आणि मी त्याला वेल्डिंग करून चूक लपवणारा ठरवून आले होते.

वहिनीने चहा आणून ठेवला. "दीड वर्ष हा बूट लपवतोय," ती म्हणाली. "लग्नकार्यात चपला बाहेर काढायच्या असल्या की माझा जीव जातो. आधी खुर्ची शोधायची, मग बसूनच बूट काढायचा. एका मुंजीला तर उठलाच नाही, यजमान म्हणाले, वहिनी, साहेब रागावलेत का?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

"बसले ना दीड वर्ष."

मी वही काढली. "डॉक्टर खरंच हो म्हणाले?"

तो चहा ढवळत राहिला. वहिनीने मला टेबलाखालून पाय लावला. "मी प्रवास करू का, असं विचारलं," दादा शेवटी म्हणाला. "ते म्हणाले, करा."

"मोटरसायकल हा शब्द उच्चारलास?"

"नाही."

प्लेट पिशवीतच ठेवून मी उठले. सांगितलं की या माझ्या कपाटात राहतील, कुलपात, आणि किल्ली कुठे आहे ते माझ्या नवऱ्यालाही माहीत नसेल. डॉक्टरकडे मी स्वतः बरोबर येणार आणि प्रश्न मी विचारणार. तो म्हणाला, पोलिसात भरती का नाही झालीस. मी म्हटलं, तिथे यादीला किंमत नसते.

डॉक्टरांनी दादाला पलंगावर बसवलं, स्वतःचा तळहात त्याच्या डाव्या पावलापुढे धरला आणि म्हणाले, दाबा. पुन्हा. जोरात. बूट घालून पुन्हा. मग मला म्हणाले, "ताकद आहे. गुडघा नव्वदच्या पुढे फार दुमडू देऊ नका. आणि रस्त्यावर जायच्या आधी ब्रेकचा सराव." मी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. दादा छताकडे बघत होता.

त्यानंतर प्लेट गाडीला बसवून, दादाला बूट घालून वर बसवून, मी पुन्हा सगळं मोजलं. तेव्हा एक गोष्ट निघाली जी घाटकोपरच्या नजरेतूनही सुटली होती. फूटरेस्ट खाली गेली, पण ब्रेकचा पेडल मूळ जागीच. मी मूळ ड्रॉइंगमध्ये त्याला हात लावला नव्हता, आणि त्यानेही नाही. आता चवडा पेडलवर न्यायला दादाला पाऊल आणखी उचलावं लागत होतं, आणि जाड तळाची कड पेडलच्या खालीच अडकत होती. आवारात दोनदा बघितलं. दोन्ही वेळा अडकली. रस्त्यावर अडकली असती तर काय झालं असतं, ते मी दादाला बोलून दाखवलं नाही. त्याने स्वतःच दुसऱ्यांदा पाऊल सोडवून घेतल्यावर, बराच वेळ पेडलकडे बघितलं.

मी घाटकोपरला गेले. आधी माफी मागितली, कारण ती यादीत पहिली होती. तो म्हणाला, "असूद्या ताई. मलापण व्हर्नियरवाली माणसं बघायची सवय आहे. बिल मागताना यापेक्षा वाईट बोलतात." मग मी पेडलचं सांगितलं. तो हसायचा थांबला. दुकानातल्या गाडीखाली बसला, पेडलचा दांडा हातात धरून वरखाली केला आणि म्हणाला, "हां. ह्या माझ्या ध्यानात नाय आलं." पेडलचा दांडा खाली वाकवून द्यायचं ठरलं. या वेळी ड्रॉइंग त्याने डब्याखाली सरकवलं नाही. भिंतीला टेप लावून चिकटवलं.

ती दोन ड्रॉइंग होती. डाव्या प्लेटचं वेगळं, उजव्याचं वेगळं, दोन्ही पूर्ण मापांची. डाव्याच्या टिपेत मी लिहिलं: सर्व मापं बुटासह. कोपऱ्यात 'काढणार' आणि 'तपासणार' असे दोन चौकोन असतात. 'तपासणार'मध्ये मी दादाची सही घेतली.

सराव आम्ही आरे कॉलनीत केला, रविवारी सकाळी, तबेल्यांच्या मागच्या एका फारशा वापरात नसलेल्या रस्त्यावर. गाडी तिथवर टेम्पोतून नेली. दोन म्हशी रस्त्यात होत्या, त्यांना जाऊ दिलं. मी खडूने आडवी रेघ मारली आणि तिच्या पुढे दहा पावलांवर दुसरी. पहिल्या रेघेवर मी हात खाली करणार, दुसरीच्या आत त्याने थांबायचं, फक्त मागच्या ब्रेकवर. वहिनी स्वतःचं हेल्मेट मांडीवर घेऊन दगडावर बसली होती.

दादाने गाडी मधल्या स्टँडवर घेऊनच किक मारली. पूर्वी असं करणाऱ्यांना तो हसायचा. तो लांब जाऊन वळला, सावकाश आला, मी हात खाली केला. गाडी थांबली. पाऊल मी बघत होते. अडकलं नाही.

"पुन्हा," मी म्हटलं.

"थांबली ना?"

"एकदा थांबली. पुन्हा."

सहा वेळा करून घेतलं. चौथ्या वेळी पुढचं चाक रेघेपासून वीतभर पुढे गेलं. तो म्हणाला, म्हैस आडवी आली होती. म्हैस तेव्हा गोठ्याच्या दारात होती, मला दिसत होती. मी वीतभर असंच लिहिलं. उरलेल्या पाच वेळा चाक रेघेच्या आत होतं.

परत निघताना वहिनी त्याच्या मागे बसायला गेली, तर तो म्हणाला, "आज नको. आधी महिनाभर एकटा चालवतो, मग बस." कोणी सांगितलेलं नसताना. वहिनीने माझ्याकडे बघितलं. ती आणि मी बसच्या थांब्याकडे चालायला लागलो.

तो शेजारून गेला तेव्हा मी थांबून बघितलं. डाव्या पायात तपकिरी बूट होता. तरी संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाऊन आले, आणि बेल वाजवण्याआधी रॅकमधला डावा बूट उचलून तळ जाडच आहे ना ते पाहिलं.